व्याह्यांबरोबर गायरानावर

अप्पांचं चष्म्याचं दुकान दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर होतं. बाहेर काचेच्या कपाटात ओळीने फ्रेमा मांडलेल्या, आत पडद्यामागे डोळे तपासायची खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. एकतीस वर्षं अप्पा माणसांना त्या खुर्चीत बसवून, भिंग बदलून, ‘आता बरं दिसतं की मघाशी बरं दिसत होतं?’ असं विचारत आले होते. गिऱ्हाइकं त्यांना अप्पा म्हणत, लेक अप्पा म्हणे, बायकोही रागावली नसेल तेव्हा अप्पाच म्हणे.

फोटो काढायचा नाद त्यांना पन्नाशी उलटल्यावर लागला. आधी दुकानासमोरची कबुतरं झाली, मग पूल झाला, तळं झालं. एक गोष्ट मात्र राहून गेली होती. शहर संपतं तिथे एक टेकडी होती आणि तिच्या माथ्यावर ऐसपैस पसरलेलं गायरान. ते कुणा एकाचं नव्हतं. ज्याची गुरं त्याने चरायला सोडावीत, ज्याला फिरायचं त्याने फिरावं. तिथून पश्चिमेकडचं सगळं मैदान उघडं पडतं आणि सूर्य थेट जमिनीत शिरल्यासारखा मावळतो, असं अप्पांनी पुष्कळांकडून ऐकलं होतं. पण वर जाणारी शेवटची बस सूर्यास्ताच्या तासभर आधीच खाली परतायची, आणि अप्पांना गाडी चालवता येत नव्हती. एकदा शिकायला गेले होते. आठव्या दिवशी शिकवणाऱ्यानेच हात जोडले.

गुरुवारी लेकीचा फोन आला. ती म्हणाली, रविवारी आमचे बाबा मोकळे आहेत, ते तुम्हाला गायरानावर नेतील, तुम्ही कॅमेरा घेऊन तयार राहा.

‘आमचे बाबा’ म्हणजे तिचे सासरे, अप्पांचे व्याही. ते एका शिलाईच्या कारखान्याची बस चालवायचे. पहाटे साडेपाचला चाळीस बायकांना ठिकठिकाणच्या थांब्यांवरून उचलायचं आणि कामावर पोचवायचं, संध्याकाळी परत सोडायचं. अंगाने थोराड, बोलायला मोजके. लेकीचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, पण तेवढ्या काळात दोघा व्याह्यांचं हवापाणी आणि गुडघेदुखी यांपलीकडे बोलणं गेलं नव्हतं. दोघं कधी एकटे असे भेटलेच नव्हते. शिवाय व्याह्यांना फोटोचं काडीचंही वेड नव्हतं. लग्नातल्या निम्म्या फोटोंत ते भलतीकडेच बघताना आले होते.

“मग ते कशाला नेतायत मला?” अप्पांनी फोन ठेवून बायकोला विचारलं.

बायको म्हणाली, काहीतरी बोलायचं असेल. एवढं बोलून तिने गॅस बारीक केला आणि अप्पांच्या डोक्यात भुंगा सोडून दिला. काय बोलायचं असेल? लेकीबद्दल तक्रार? जावई नोकरी बदलतोय का? की गेल्या महिन्यात व्याह्यांच्या बहिणीने नव्या घरी जेवायला बोलावलं होतं आणि अप्पा दुकानाचं कारण सांगून गेले नव्हते, ते मनाला लागलं? शुक्रवार-शनिवार हाच विचार. शनिवारी एका गिऱ्हाइकाच्या फ्रेमला त्यांनी दुसऱ्याच्याच काचा बसवल्या आणि तो बिचारा दाराला धडकल्यावर लक्षात आलं.

रविवारी साडेचारला व्याही आपली छोटी गाडी घेऊन आले. अप्पा स्वागताला दाराशीच बाजूला उभे होते. त्यांनी हात पुढे केला. व्याही त्या हाताकडे ढुंकूनही न बघता सरळ आत गेले, अप्पांच्या बायकोला ‘काय, बरं आहे ना?’ म्हणाले आणि मग मागे वळून मोठ्याने म्हणाले, “अप्पा कुठायत?”

अप्पांचा हात तसाच हवेत होता. तो त्यांनी खिशात घातला. म्हणजे नक्कीच रागावलेत, त्यांनी मनाशी ठरवलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी ठरवलं, आपणच विषय काढावा आणि मोकळं व्हावं. बाजारपेठ मागे पडताच ते म्हणाले की त्या दिवशी तुमच्या बहिणीकडे यायला जमलं नाही, फार चुटपुट लागून राहिली. व्याह्यांनी थोडा विचार केला. कुठल्या दिवशी, असं त्यांनी विचारलं. अप्पांनी सांगितलं. “ते होय,” व्याही म्हणाले. “बरं केलंत. मीही कंटाळून गेलो होतो तिथे.”

म्हणजे ते नाही. मग काय? अप्पा आणखीच बुचकळ्यात पडले. व्याही गाडी फार हळू चालवत होते आणि मान सारखी इकडून तिकडे फिरवत होते, जणू रस्त्यावर काही हरवलंय. टेकडीच्या पायथ्याशी एका गल्लीतून सायकलवाला आला. अप्पांना तो लांबूनच दिसला होता. व्याह्यांनी मात्र तो अगदी चाकाखाली येता येता ब्रेक मारला. कॅमेऱ्याची पिशवी अप्पांच्या मांडीवरून पायांत गेली.

“कुठून उगवला हा?” व्याही म्हणाले.

गल्लीतून, असं म्हणायचं अप्पांच्या ओठांवर आलं होतं. पण व्याह्यांच्या कपाळावरचा घाम बघून ते गप्प बसले. तीस वर्षं गाडी हाकणारा माणूस एका सायकलला एवढा घाबरतो, म्हणजे याच्या मनावर काहीतरी मोठं ओझं आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. आणि ते ओझं आपल्यासमोर उतरणार आहे या कल्पनेने ते पिशवी उचलायचंही विसरले.

वर गायरान खरोखरच ऐकलं होतं तसं होतं. गुडघाभर वाळलेलं गवत, त्यात गुरांनी पाडलेल्या वाटा, मध्ये पाणी प्यायची दगडी डोण आणि पलीकडे काहीच नाही. जमीन संपायची आणि आकाश सुरू व्हायचं. पंधरावीस गाई पांगून चरत होत्या. त्यांची राखण करणारी बाई डोणीच्या काठावर बसून लोकर विणत होती. तिने मान वर करून दोघांना बघितलं, सूर्य कुठे मावळेल ते सुईने दाखवलं आणि पुन्हा टाके मोजायला लागली. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून तिला कंटाळा आला असावा.

अप्पांनी तिकाटणं उभं केलं, त्यावर कॅमेरा बसवला, दोन-चार फोटो नुसतेच काढून बघितले. ऊन पिवळं झालं होतं. खालच्या मैदानातली दोन तळी चकाकत होती. एरवी अप्पा इथे सगळं विसरले असते. आज त्यांचं अर्धं लक्ष मागे होतं. व्याही दहा पावलांवर उभे राहून समोर बघत होते. 

बायकोने थर्मासात चहा दिला होता. अप्पांनी दोन पेले भरले, एक घेऊन व्याह्यांच्या बाजूला गेले आणि पुढे धरला. व्याही समोर बघत राहिले. अप्पांनी पेला थोडा आणखी पुढे केला. व्याह्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. अर्धं मिनिट अप्पा तसेच उभे होते. हाताला चटका बसायला लागला तेव्हा त्यांनी पेला शेजारच्या दगडावर ठेवला आणि घसा खाकरून म्हणाले की चहा ठेवलाय. व्याही दचकून वळले. “अरे, तुम्ही इथे होय,” असं म्हणाले, आणि वळताना त्यांचा पाय पेल्याला लागून चहा गवतात सांडला.

अप्पांना आता वाईट वाटायला लागलं. रागही येत होता आणि राग यावा असं काही घडलंय का तेही कळत नव्हतं. माणसाने मनात असेल ते बोलावं. हे हात न बघणं, चहा न घेणं, वर पेला लाथाडणं, हा काय प्रकार? पण पेला पडल्यावर व्याह्यांचा चेहरा इतका ओशाळा झाला होता की तो मुद्दाम लाथाडला असेल असंही म्हणवेना.

शेवटी व्याह्यांनीच तोंड उघडलं. शर्टाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढून त्यांनी अप्पांपुढे धरला. कारखान्याला दरवर्षी चालकांच्या नजरेचा दाखला लागत असे. गेल्या वर्षी तो अप्पांनीच दिला होता. यंदाही महिनाअखेरीला द्यायचा होता.

“सही करता का इथेच? पेन आहे माझ्याकडे,” व्याही म्हणाले.

अप्पांचा जीव भांड्यात पडला. एवढंच होतं तर! लेकीची तक्रार नाही, मानापमान नाही, एका सहीचं काम. त्यांनी हसतच सांगितलं की उद्या दुकानात या, पाच मिनिटांचं काम आहे, तुमची नजर तर पोरांना लाजवील अशी आहे, गेल्या वर्षी तक्त्याची सगळ्यात खालची ओळ तुम्ही घडाघडा वाचली होतीत.

“म्हणूनच म्हणतो,” व्याही म्हणाले. “परत कशाला वाचायची?”

अप्पांचं हसू अर्ध्यावर राहिलं. दुकान व्याह्यांच्या रोजच्या वाटेवर होतं. बस रिकामी करून परत जाताना ते दोनदा तिथून जात. त्या पाच मिनिटांच्या कामासाठी हा माणूस सुट्टीच्या दिवशी टेकडी चढून आला? त्यांनी कागद घेतला, पेन घेतलं नाही, आणि फोटो झाले की बघू असं काहीतरी पुटपुटून कॅमेऱ्याकडे वळले.

सूर्य आता क्षितिजावर टेकायला आला होता. अप्पांनी डोळा लावला. खालच्या धुरळ्यात तो तांबडा गोळा इतका सौम्य झाला होता की त्याच्याकडे नुसतं बघता येत होतं. त्यांनी एक फोटो काढला, दुसरा काढला. मागे विणणारी बाई उठली, तिने जिभेने टकटक आवाज केला आणि गाई एकेक करून परतीच्या वाटेला लागल्या. त्यांतली एक मोठी पांढरी गाय वाट सोडून व्याह्यांच्या उजव्या खांद्यापाशी येऊन थांबली आणि गवत ओढायला लागली. व्याही सूर्याकडे बघत होते. गाय गवत खात होती. अप्पांना ते चित्र आवडलं. त्यांनी कॅमेरा वळवला आणि त्या दोघांचा एक फोटो घेतला.

मग व्याही वळले आणि थेट गाईवर आदळले. ते असे ओरडले की गाईच भेदरून दोन पावलं मागे गेली.

“ही कधी आली इथे?”

“मघापासून तुमच्या शेजारीच उभी आहे,” बाई म्हणाली. “तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून तीही गप्प राहिली.”

ती गाईला हाकत निघून गेली. व्याही हसायचा प्रयत्न करत होते. अप्पांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो फोटो पुन्हा बघितला. गाय व्याह्यांपासून हातभर अंतरावर होती. एवढं मोठं, पांढरं जनावर. दाराशी पुढे केलेला हात त्यांना आठवला. तोही बाजूनेच आला होता. सायकल गल्लीतून, म्हणजे बाजूने. चहाचा पेलाही बाजूने. दुपारपासून ते ज्याला राग समजत होते तो राग नव्हताच. मग काय होतं, ते एकतीस वर्षं डोळ्यांच्याच धंद्यात असलेल्या माणसाला कळायला हवं होतं, आणि आता कळत होतं तर त्यांना ते कळून घ्यायचं नव्हतं.

सूर्याची शेवटची कड जमिनीला लागली होती. याच क्षणासाठी ते आले होते. त्यांनी शटरवरचं बोट काढलं.

“व्याही, जरा इथे बसा,” ते म्हणाले. “माझ्यासमोर.”

दोघं गवतात मांडी घालून एकमेकांसमोर बसले. कशाला, असं व्याह्यांनी विचारलं नाही. अप्पांनी सांगितलं, माझ्या नाकाकडे बघायचं, नजर हलवायची नाही, मी बाजूने बोट आणतो, दिसलं की सांगायचं.

त्यांनी दोन्ही हात लांब पसरले आणि बोटं हलवत हळूहळू आत आणायला सुरुवात केली. उजेड अजून पुरेसा होता. चांगल्या नजरेच्या माणसाला हात खांद्यांच्या रेषेत असतानाच बोटं दिसायला लागतात. व्याही नाकाकडे बघत होते, अगदी प्रामाणिकपणे. हात आणखी आत आले. व्याही काही बोलले नाहीत. बोटं त्यांच्या कानांसमोर आली, मग गालांसमोर.

“सुरू करा ना,” व्याही म्हणाले.

अप्पांनी हात खाली घेतले. त्यांनी पुन्हा एकदा करून बघितलं, एकेक डोळा झाकून. तेच झालं. व्याह्यांना समोरचं स्वच्छ दिसत होतं, नाकावरचा तीळसुद्धा त्यांनी सांगितला. पण ते जणू दोन नळ्यांमधून जगाकडे बघत होते आणि नळीबाहेरचं सगळं पुसलं गेलं होतं.

“तक्ता मी वाचतो की,” व्याही हळूच म्हणाले.

“वाचता. तक्ता समोर असतो.”

“रस्ताही समोरच असतो, अप्पा.”

“माणसं बाजूने येतात.”

त्यानंतर व्याही बराच वेळ गवताच्या काड्या मोडत बसले. मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. वर्षभर, कदाचित जास्तच. आधी वाटलं वय झालं, झोप पुरत नाही. दोनदा बसचा बाजूचा आरसा खांबाला लागून फुटला. तेव्हापासून ते मान जास्त फिरवायला लागले, हळू चालवायला लागले, आणि चालत होतं. पहाटेच्या अंधारात त्रास व्हायचा. थांब्यावर बाई दिसली नाही तर सगळ्या मिळून ओरडायच्या, ‘ओ, राहिली ना ती!’ आणि त्यांना वाटायचं, गंमत करतात. आपल्याला काय होतंय ते त्यांनी स्वतःलाही धड विचारलं नव्हतं. फक्त दाखल्याची तारीख जवळ आली तसं त्या पडद्यामागच्या खुर्चीची धास्ती वाटायला लागली. तक्ता वाचता येणार हे माहीत असूनही. का, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

अप्पा ऐकत होते आणि त्यांच्या मनात दोन माणसं भांडत होती. एक चष्मेवाला, ज्याला चाळीस बायका आणि पहाटेचा अंधार दिसत होता. दुसरा लेकीचा बाप, जो त्या घरात यापुढे कुठल्या तोंडाने जाणार होता? आणि या दोघांच्याही मागे तिसरा कुणीतरी विचारत होता की गेल्या वर्षीची सही कुणाची?

त्यांनी कागद परत दिला. सही करणार नाही असं म्हणायची त्यांना हिंमत झाली नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर येतो, एवढंच ते म्हणाले. व्याह्यांनी कागदाची पुन्हा तशीच घडी घातली.

उजेड भराभर उतरत होता. अप्पांनी सामान आवरलं आणि गाडीपाशी येऊन उभे राहिले, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की खाली जायचं कसं. रस्त्याला सात वळणं होती आणि एका बाजूला सरळ उतार.

व्याही चालकाच्या जागेवर बसले. त्यांनी दिवे लावले, इंजिन सुरू केलं.

“मी बसत नाही,” अप्पा म्हणाले.

व्याही म्हणाले, ही वाट मी डोळे मिटून उतरेन. मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच जाणवलं. इंजिन चालू राहिलं. अप्पा गाडीला वळसा घालून त्यांच्या दारापाशी आले आणि उघड्या खिडकीशी उभे राहिले. हात घालून किल्ली फिरवावी की नाही याचा त्यांना निर्णय होईना. समोर बघत बसलेले व्याही मिनिटभराने म्हणाले, “अप्पा? गेलात का?”

अप्पा त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होते.

“इथेच आहे,” ते म्हणाले.

आवाज एवढ्या जवळून आल्यावर व्याह्यांनी मान पूर्ण वळवली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग व्याह्यांनी किल्ली फिरवली, काढली आणि खिडकीतून अप्पांच्या हातात ठेवली.

अप्पांनी लेकीला फोन लावला. फक्त एवढंच म्हणाले की जावयांना घेऊन वर ये, गाडी खाली न्यायचीय. काय झालं, असं ती विचारेल म्हणून त्यांनी मनात दोन-तीन थापा तयार ठेवल्या होत्या. तिने विचारलंच नाही. निघालोच, म्हणाली. अप्पांना ते विचित्र वाटलं.

वीस मिनिटांत लेक आणि जावई स्कूटरवरून आले. जावयाने वडिलांकडे आणि अप्पांकडे आळीपाळीने बघितलं. व्याही म्हणाले, माझं डोकं जरा जड झालंय. त्याने मान डोलावली आणि किल्ली घेतली. गाडी पुढे निघाली. लेकीने अप्पांना स्कूटरवर मागे बसवलं. दोन वळणं झाल्यावर तिने स्कूटर कडेला घेतली आणि थांबवली.

“कळलं ना तुम्हाला?” ती म्हणाली. पुढेच बघत होती.

“काय?”

“बाबांचे डोळे.”

तिला कधीपासून माहीत होतं? ती सांगायला लागली. घरात कपाटाचं दार उघडं असलं की ते धडकतात. ताट बाजूने पुढे केलं तर घेत नाहीत, सासूबाईंना वाटतं रुसलेत, मग त्या रुसतात. बाळाचा पाळणा दोनदा लाथेने सरकला. तिने नवऱ्याला सांगून बघितलं. तो म्हणाला, बाबा तीस वर्षं गाडी चालवतायत, तू काय सांगतेस. सासूबाईंना सांगितलं असतं तर सुनेने सासऱ्यांचं काम घालवलं असं झालं असतं. तिला वाटलं, अप्पा दोन तास त्यांच्याबरोबर राहिले तर त्यांचं त्यांनाच कळेल. म्हणून तिने इकडे बाबांना सांगितलं की अप्पांना गायरानावर जायची फार इच्छा आहे, आणि तिकडे अप्पांना सांगितलं की बाबा मोकळे आहेत. बाबांनीही लगेच मान्य केलं, याचं तिलाच नवल वाटलं होतं.

अप्पांना त्यांच्या लगेच मान्य करण्याचं कारण ठाऊक होतं. त्यांनी ते सांगितलं नाही.

“आणि त्यांना तू गाडी चालवायला लावलीस? मला शेजारी बसवून?”

ती रडायला लागली. ते डोक्यातच आलं नाही, म्हणाली. निघालात आणि मग आलं. तेव्हापासून फोन हातातच होता.

अप्पा तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. तिचा राग यावा की कौतुक वाटावं, त्यांना उमजेना. आपली लेक एवढी धोरणी कधी झाली? आणि तिने आपल्याला वापरलं, की आपल्यावर विसंबली? खाली शहराचे दिवे लागले होते. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, स्कूटर सुरू केली आणि उरलेली पाच वळणं सावकाश उतरली.

मंगळवारी अप्पा व्याह्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं यंत्रावर तपासलं. डोळ्यांच्या आतला दाब वाढून शिरा सुकत गेल्या होत्या. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंबांनी राखता येईल, रोज न चुकता घालायचे, असं त्यांनी सांगितलं. गाडी मात्र बंद, आजपासून. व्याह्यांनी एकच प्रश्न विचारला, वर्षभर आधी आलो असतो तर? बाईंनी खरं ते सांगितलं. आणखी थोडं राहिलं असतं.

अप्पा बाहेरच्या बाकावर बसले होते, पण दार उघडं होतं. नंतर त्यांनी डॉक्टरीणबाईंना एकटं गाठून गेल्या वर्षीच्या सहीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तक्त्यावर हे कळत नाही, तुमचा दोष नाही. अप्पांनी हो हो म्हटलं. पण मग तक्त्यावर सही करून माणसाला पहाटेच्या रस्त्यावर सोडणारे आपण कोण, हा प्रश्न त्यांच्याबरोबर घरी आला. त्या आठवड्यापासून ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायला लागले, माझ्या नाकाकडे बघा. काही गिऱ्हाइकांना ते चमत्कारिक वाटलं.

कारखान्याने व्याह्यांना कामावरून काढलं नाही. बसच्या वेळा लावायच्या टेबलावर बसवलं. ते जात होते, येत होते, पण अप्पांशी बोलत नव्हते. अप्पांनी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा विहीणबाईंनी उचलला आणि ते झोपलेत म्हणून सांगितलं, एकदा तर सकाळी दहा वाजता.

तीन आठवड्यांनी नातवाला बघायला अप्पा आणि त्यांची बायको लेकीकडे गेली. व्याही पुढच्या खोलीत बसले होते. बायको आत गेली आणि दोघं पुन्हा एकटे उरले. व्याह्यांनी डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तशी आख्खी मान वळवून अप्पांना नीट बघून घेतलं.

“एक विचारू? खरं सांगा,” ते म्हणाले. “त्या दिवशी तुम्ही मला मुद्दाम वर नेलंत का? माझी परीक्षा घ्यायला?”

आतल्या खोलीच्या दारात लेक बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. ती जागच्या जागी थिजली. व्याह्यांना ती दिसत नव्हती. अप्पांना दिसत होती.

“हो,” अप्पा म्हणाले. “माझंच डोकं. पोरीला मीच सांगितलं, तुम्हाला विचार म्हणून.”

व्याह्यांनी मान पुन्हा सरळ केली. अप्पांना वाटलं, आता हे उठून जाणार, आणि चार वर्षांत जे काही थोडंफार जमलं होतं तेही गेलं. आतून ताटं मांडल्याचा आवाज येत होता.

“मग आधी सांगायचं ना,” व्याही म्हणाले. “मी स्वेटर आणला असता. काय गारठा होता वर.”

विहीणबाईंनी जेवायला हाक मारली. व्याही उठले, वाटेतल्या स्टुलाला त्यांचं पाऊल लागलं, त्यांनी ते उचलून भिंतीकडे सरकवलं आणि आत गेले. अप्पा बसूनच राहिले. हे माफ करणं होतं, की टोमणा होता, की व्याह्यांना खरोखर थंडीच वाजली होती? त्यांनी लेकीकडे बघितलं. तिलाही कळलेलं दिसलं नाही. तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पानं घ्यायला आत निघून गेली.